भाजीसारखी विचारून घ्या

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत एप्रिलमध्ये झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. संध्याकाळचे साडेसहा वाजले तरी बाहेर अजून झळा लागताहेत. अशात तुम्ही सगळे इथवर आलात, मला फार बरं वाटलं. वाचनालयाच्या मंडळींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ज्या गल्ल्यावर मी एकवीस वर्षं बसते आहे, तिथलंच मला बोलता येईल. उन्हाळ्यात वाइन कुठली घ्यावी, हा प्रश्न मला होळी झाली की रोज चार-पाच वेळा ऐकू येतो. त्याचं उत्तर गल्ल्यावर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून आज इथे देते.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. वडिलांची द्राक्षबाग, आता भाऊ बघतो. सासरचं दुकान इथेच, नाशकातल्या वस्तीतलं. सासरे थकले तेव्हा मी गल्ल्यावर बसायला लागले आणि ते काम मला आवडत गेलं. त्यामुळे द्राक्ष वेलीवर कसं धरतं तेही मी पाहिलंय, आणि त्याची बाटली गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत तिचे काय हाल होतात तेही. आज मुख्यतः त्या हालांबद्दल बोलायचंय.

दुकानावर पाटी 'वाइन शॉप' अशी आहे. परवाना एफएल-२ चा, म्हणजे सीलबंद विदेशी दारूच्या किरकोळ विक्रीचा, आणि महाराष्ट्रात अशा दुकानांवर बहुतेक सगळीकडे हीच पाटी दिसते. आत मात्र भिंतभर व्हिस्की आणि रम, समोर बिअरचे फ्रीज, आणि वाइन कोपऱ्यातल्या फळीवर. सासऱ्यांच्या काळात त्या फळीवर गोव्याची गोड पोर्ट आणि नारायणगावच्या दोन-तीन बाटल्या असायच्या. २००० साली नाशिकच्याच सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या आल्या, सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. ही दोन्ही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची नावं, आणि त्यांच्या वाइनचीही. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, आणि मग गंगापूर धरणाच्या आसपास, दिंडोरीत, इगतपुरीकडे वायनरी उभ्या राहत गेल्या. आज माझ्याकडे वाइनच्या पाच फळ्या आहेत. त्या मी दुकानाच्या दर्शनी भागातून उचलून आत, थेट एसीखाली नेल्यात. त्यामागे एक गोष्ट आहे, ती पुढे येईलच.

आधी चवीचं बोलू. तुमच्या घरात उन्हाळ्यात पाहुण्याच्या हातात पहिलं काय ठेवतात? कैरीचं पन्हं. कोकणातले असाल तर कोकम सरबत. नाहीतर लिंबू सरबत, नाहीतर ताक. यातलं एकही असं नाही ज्यात आंबटपणा नाही. आपल्या आज्यांना हे कुणी शिकवायला आलं नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाच्या कोरड्या तोंडाला पाणी सुटायला हवं, तर आंबट द्यावं, हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं गोड पाणी दिलं तर तहान भागत नाही, आणखी लागते. वाइनचंही तेच. उन्हाळ्याची वाइन निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती तिच्यातला आंबटपणा. जिभेच्या कडांना झिणझिण्या येतील आणि दुसरा घोट घ्यावासा वाटेल असा आंबटपणा. लाकडी पिंपात मुरलेली, जड, तोंड आवळून धरणारी लाल वाइन डिसेंबरात कितीही सुंदर लागली, तरी मे महिन्याच्या रात्री ती पांघरुणासारखी अंगावर येते.

हा आंबटपणा येतो कुठून, ते बागेत कळतं. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, ती फळासाठी. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात वाढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. आपलं द्राक्ष थंडीत वाढतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये निघतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली उतरतं. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्रीची थंडी आंबटपणा टिकवून धरते. फेब्रुवारी सरला, रात्री उबदार झाल्या की हा आंबटपणा भराभर उतरतो. म्हणून पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाला फार वाट बघून चालत नाही.

भावाने दोन एकर शेनिन लावली आहे. काढणीला मी दरवर्षी एक दिवस तरी जाते. पहाटे साडेचारला डोक्याला बॅटरी बांधून बायका ओळीत शिरतात. घड हाताला बर्फासारखे गार लागतात, बोटं बधिर होतात. खाण्याच्या थॉमसन द्राक्षापेक्षा हा मणी लहान, साल जाड आणि आत बी. एक तोडून तोंडात टाकला तर आधी गोड, मग लगेच गालाच्या आत आंबट, आणि शेवटी बी चावलं गेलं तर तुरट. दात आंबतात. सूर्य वर यायच्या आत क्रेट ट्रॅक्टरवर चढलेले असायला हवेत, कारण गार द्राक्षाचा रस गारच काढला तर त्याचा वास टिकतो. उशीर झाला की भाऊ अस्वस्थ होऊन बांधावर येरझारा घालतो. एवढी काळजी घेऊन काढलेला माल आहे, हे मला पुढचं सगळं सांगताना सारखं आठवत राहतं.

आता नावं. माझ्या दुकानात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मी हातात देते ती शेनिन ब्लां. कुणी चेनिन म्हणतं, कुणी शेनिन, मला दोन्ही चालतं. मूळची फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, दक्षिण आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणात लावलेली, आणि नाशिकच्या मातीत मनापासून रमलेली. पेरू, पिकलेलं नासपती, थोडा मध, असा तिचा वास. सुलाची शेनिन किंचित गोडसर आहे, यॉर्क वायनरीचीही घेऊन बघा. पहिल्यांदा वाइन घेणाऱ्याला मी हीच देते, कारण ती कुणाला घाबरवत नाही. हजार रुपयांच्या आगेमागे मिळते. दुसरी सोव्हिन्यों ब्लां. ही जास्त धारदार. हिचा ग्लास नाकाशी नेला की नुकतीच चिरलेली ढोबळी मिरची, कापलेलं गवत, लिंबाची साल. ढोबळी मिरचीचा भास होतो असं नाही. मिरचीत ज्या द्रव्याचा वास असतो तेच द्रव्य या द्राक्षातही असतं, अगदी सूक्ष्म प्रमाणात, आणि आपलं नाक ते टिपतं. ज्यांना सरबतात साखर कमी आणि मीठ जास्त लागतं, अशा गिऱ्हाइकांना मी सोव्हिन्यों ब्लां सुचवते, आणि ते हमखास परत येतात.

गल्ल्यावर एक घोटाळा रोज होतो, तो इथे सोडवून टाकते. 'ड्राय' म्हणजे काय? गिऱ्हाईक म्हणतं, वहिनी, ड्राय नको, कोरडी लागते. ड्राय म्हणजे यीस्टने रसातली बहुतेक सगळी साखर खाऊन टाकली, गोडी उरली नाही, एवढंच. ड्राय वाइनलाही पेरूचा, आंब्याचा, लिचीचा वास असू शकतो. वास फळाचा असला की आपली जीभ गोडाची अपेक्षा करते, आणि तिथे लोकांची निराशा होते. थोडी गोडी हवी असेल तर सरळ सांगा, 'थोडी गोडसर द्या'. लाजू नका. जर्मनीत रिस्लिंग द्राक्षाच्या काही नामवंत पांढऱ्या वाइन गोडसर असतात आणि जाणकार त्या आवडीने पितात. गोडसर म्हणजे हलक्या प्रतीची, हा समज कुणी तरी आपल्या डोक्यात भरवलाय, तो काढून टाका.

पण नावापेक्षा महत्त्वाचं काय, ते आता सांगते, आणि माझ्या मते आजच्या भाषणातलं हेच घेऊन जाण्यासारखं आहे. व्हिस्की कपाटात दहा वर्षं राहिली तरी तिला काही होत नाही. वाइनचं तसं नाही. साधी पांढरी वाइन हा नाशवंत माल आहे. तुम्ही मंडईत मेथीची जुडी उलटून बघता, देठ पिवळा पडलाय का पाहता, 'आजची आहे ना?' विचारता. मग नऊशे रुपयांच्या बाटलीला हे का विचारत नाही?

लेबलवर वर्ष असतं, ते द्राक्ष काढल्याचं. मागच्या बाजूला बाटली भरल्याचा महिना आणि वर्ष बारीक अक्षरात असतं. चष्मा लावा आणि वाचा. शेनिन, सोव्हिन्यों आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, या तिन्हींना मी या वर्षीची नाहीतर गेल्या वर्षीची, यापेक्षा जुनी सुचवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेल्या द्राक्षाची ताजी वाइन उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुकानात यायला लागते. आंबा जसा त्याच्या दिवसांत येतो, तशी. युरोपात ऑक्टोबरात काढलेल्या द्राक्षाची वाइन उन्हाळ्यापर्यंत अर्ध्याहून जास्त वर्षाची होते. आपल्याला उन्हाळा आणि नवी वाइन जवळजवळ हातात हात घालून मिळतात. हे भाग्य आपण वापरत नाही. उलट गिऱ्हाईक मला म्हणतं, 'जरा जुनी द्या, जुनी चांगली असते ना?' मोजक्या लाल वाइन जुन्या होऊन चांगल्या होतात. तीन वर्षं फळीवर उभी असलेली साधी शेनिन फक्त थकते.

आणि आता ती गोष्ट. दुकान हातात घेतल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मार्चमध्ये एक स्कीम होती म्हणून मी चौदा खोकी जास्त उचलली. खोक्यात बारा बाटल्या. खाली जागा नव्हती. दुकानाला पोटमाळा आहे, वर पत्रा. तिथे रचून ठेवली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक, अर्धी बाटली कापडी पिशवीतून परत घेऊन आल्या. आवाज अजिबात न चढवता म्हणाल्या, 'वहिनी, ही वाइन आजारी आहे. तुम्हीच बघा.'

मी ग्लासात ओतली. शेनिनचा रंग कोवळ्या उसाच्या रसासारखा फिका असायला हवा. हा तिळाच्या तेलासारखा पिवळा-तपकिरी. वास पेरूचा नाही, मोरावळ्याचा, आटवलेल्या पाकाचा. चवीला पुढे काहीच नाही, मागे नुसता कडवटपणा. मी शिडी लावून वर गेले. पत्र्याखाली हात घालवत नव्हता. भिंतीवर एक तापमापक टांगला, अर्ध्या तासाने पाहिला तर त्रेचाळीस. काही खोक्यांत लाल वाइनही होती, बुचाची. त्यांची बुचं बाटलीच्या तोंडाच्या वर आली होती, नखाच्या जाडीएवढी, आणि मानेवरून काकवीसारखा चिकट ओघळ उतरून वाळला होता. आतली वाइन तापून फुगली, बुचाला ढकलून बाहेर आली, आणि रात्री गार झाल्यावर त्याच वाटेने हवा आत गेली. चौदा खोकी. भावाच्या बागेत पहाटे साडेचारला बोटं बधिर होईपर्यंत बायका जे राखतात, ते मी सहा आठवड्यांत पत्र्याखाली शिजवलं होतं. त्या बाईंचे पैसे दिले, बाकी सगळा माल मोरीत ओतला. विकली असती तर निम्म्या लोकांना कळलंही नसतं; त्यांना एवढंच वाटलं असतं की वाइन आपल्याला आवडत नाही. आणि ते परत कधी वाइनकडे वळले नसते. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, आजही वाटतं.

म्हणून तुम्ही दुकानदाराला विचारा. बाटली कुठे ठेवली होती? दुकान बंद झाल्यावर एसी चालू असतो का? काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हाच्या तिरिपेत किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली घेऊ नका, तिच्यावर कितीही सूट असो. बाटलीच्या मानेवरून अंगठा फिरवा, चिकट लागली तर खाली ठेवा. बूच वर आलेलं दिसलं तर खाली ठेवा. फिरकीच्या झाकणाची बाटली दिसली तर ती कमी प्रतीची समजू नका. आपल्या हवेत पांढऱ्या वाइनला ते झाकण बुचापेक्षा जास्त भरवशाचं आहे. आणि चांगल्या दुकानदाराला असे प्रश्न विचारलेले आवडतात. मला तरी फार आवडतात.

दुकानातून घरापर्यंतचा प्रवास हा पुढचा धोका. लोक दुपारी बाटली घेतात, गाडीच्या डिकीत टाकतात आणि सिनेमाला जातात. मे महिन्यात बंद गाडीचं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. बाटली शेवटी घ्या, इतर सगळी कामं उरकून. घरी फ्रीजमध्ये आडवी, उभी, कशीही ठेवा, काही आठवडे काही बिघडत नाही.

थंड किती करायची? फसफसणारी सहा ते आठ अंश, पांढरी आठ ते दहा, रोझे दहा-बारा. घरचा फ्रीज साधारण चार-पाच अंशांवर असतो, म्हणून तिथून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. फार गार वाइनला वासच येत नाही. आणि पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशी वेळ आली तर? लहानपणी पॉटचं आइस्क्रीम केलेलं आठवतंय? लाकडी बादली, आत पितळी पॉट, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, आणि आळीपाळीने हँडल फिरवणारी पोरं. तेच करायचं. बादलीत बर्फ, तो बुडेल इतकं पाणी, आणि दोन मुठी मीठ. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये बाटलीला हवाच जास्त लागते. पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं आणि उष्णता खेचून घेतं, आणि मीठ त्या पाण्याला शून्याच्याही खाली नेतं. पंधरा-वीस मिनिटांत बाटली तयार. फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका. आणि फसफसणारी तर फ्रीजरमध्ये कधीच नको, बाटली फुटते.

लाल वाइनबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, सोळा-अठरा अंशांची. आपली खोली एप्रिलात चौतीस अंशांची. त्या तापमानाला लाल वाइनमधला अल्कोहोल नाकात घुसतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा आणि मग प्या. उन्हाळ्यात लालच हवी असेल तर हलकी घ्या. अकलूजच्या फ्रतेल्ली वायनरीची साँजोव्हेझे ही लाल वाइन थोडी गार करून मी स्वतः आवडीने पिते. साधी शिराझ, म्हणजे जरा जड लाल वाइन, असेल तर स्पेनमधल्या लोकांचं ऐका: अर्धा ग्लास लाल वाइन, अर्धा ग्लास लिंबाचा सोडा, भरपूर बर्फ. 'तिंतो दे व्हेरानो' म्हणतात त्याला, म्हणजे उन्हाळ्याची लाल वाइन. आपल्याकडे गोटी सोडा आहे, लिंबं आहेत. अल्कोहोल निम्म्यावर येतो आणि संध्याकाळ लांबते. महागड्या बाटलीचं असं करू नका, साध्या बाटलीचं जरूर करा.

रोझे म्हणजे लाल आणि पांढरी मिसळून केलेली, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. लाल द्राक्षाचा रस सालींबरोबर काही तासच ठेवतात, तेवढाच गुलाबी रंग उतरतो. सुलाची झिनफँडेल रोझे कलिंगड कापून ठेवलं असेल त्या दुपारी छान जाते. फसफसणारी हवी असेल तर दिंडोरीत बनणारी शांदोन आहे, सुला ब्रूत आहे. उघडताना बाटली तिरपी धरा, तोंड कुणाकडेही नको, बूच घट्ट पकडून बाटली फिरवा. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त असतो, आणि गरम बाटलीत तर आणखी. परदेशी बाटल्यांबद्दल थोडंच सांगते. आपल्याकडे आयात वाइनवर बरीच वर्षं दीडशे टक्के शुल्क होतं, म्हणजे तिथली साधी बाटली इथे येईपर्यंत राजेशाही किमतीची होते, आणि बोटीतून, गोदामातून किती उन्हं खात येते कोण जाणे. उन्हाळ्यात रोजच्यासाठी मी तरी इथलीच देते.

खाण्याचं सांगितल्याशिवाय मला सोडणार नाही तुम्ही. चैत्रातली आंबेडाळ आणि सोव्हिन्यों ब्लां. कैरीचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाशी जुळतो, हिरव्या मिरचीचा वास तिच्या वासाशी. ही जोडी मला कुणी सांगितली नाही, हळदीकुंकवाच्या दिवशी उरलेली आंबेडाळ रात्री खाताना मला सापडली, आणि मी अजून तिच्या प्रेमात आहे. मिसळीबरोबर मात्र ड्राय वाइन नको. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते; तिथे गोडसर शेनिन, चांगली गार, तोंडाला उतारा देते. तळलेले बोंबील, कोळंबी, सुरमई, या सगळ्यांना सोव्हिन्यों. आणि ही मासळी आत्ताच खा, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. आमरसाबरोबर वाइन देऊ नका. आमरस इतका गोड असतो की त्यापुढे ड्राय वाइन पाण्यासारखी आणि आंबट लागते. द्यायचीच असेल तर जेवणानंतर, उशिरा काढलेल्या द्राक्षाची गोड 'लेट हार्वेस्ट' एखादा छोटा ग्लास, हापूसच्या फोडीबरोबर.

प्रमाणाबद्दल मी गंभीरपणे बोलणार आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच ग्लास होतात. उन्हात शरीरातलं पाणी आधीच कमी असतं, आणि गार वाइन सरबतासारखी घशाखाली उतरते, तिथेच फसगत होते. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी, हा माझ्या घरातला नियम आहे. दुपारच्या उन्हात नको, उपाशीपोटी नको, आणि पिऊन गाडी अजिबात नको. जे पीत नाहीत त्यांनी माझं भाषण ऐकून सुरुवात करावी अशी माझी इच्छा नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तो दुकानात मिळतो. मागा, संकोच करू नका. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा मोठा वाद झाला. माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं: कुठे विकता यापेक्षा, विकणाऱ्याला ती सांभाळता येते का आणि घेणाऱ्याला नीट सांगता येतं का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

माझ्या दुकानात बायका येतात आणि काउंटरपासून चार फूट लांब उभ्या राहतात. नवऱ्याला पुढे पाठवतात. तो चुकीची बाटली घेऊन जातो. मी हाक मारून जवळ बोलावते. गल्ल्यावर एक बाई बसलेली दिसली की मग त्या हळूहळू बोलतात, आणि फार नेमकं बोलतात. स्वयंपाकघरातलं नाक असतं ना. खवट तेल, उतरलेली डाळ त्यांना दुरून कळते. शिजलेली वाइनही त्यांनाच आधी कळते.

एक चिठ्ठी आली आहे: उघडलेली बाटली किती दिवस टिकते? पांढरी किंवा रोझे झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन दिवस. लालही फ्रीजमध्येच, तीन-चार दिवस. चौथ्या दिवशी वास घ्या. कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा आला तर स्वयंपाकात वापरा. दुसरी चिठ्ठी: घरी फ्रीज लहान आहे, बादलीही नाही. मग माठ कसा गार राहतो ते आठवा. बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि वाऱ्यावर, पंख्याखाली ठेवा. फार गार होणार नाही, पण पिण्याजोगी होईल. बाजारातून घरी नेतानाही तसंच.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मी दुकानात असते, थोडी निवांत. येताना जाडसर पिशवी आणि ओलं फडकं घेऊन या. बर्फ मी देईन.